माझी पोरगी कितवी निघाली?

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "नोकरीतल्या आठवणी लिहून द्या." मी म्हणाले, आठवणी पेन्शनवाले लिहितात, मला अजून स्थळं सांगून येतात. ते म्हणाले, "मग तक्रारी लिहा." ते मला जमतं.

तक्रार करणं हा माझा मूळ धंदा आहे. नांदेडला कॉलेजात असताना एका विद्यार्थी संघटनेची पत्रकं मी लिहायचे. पत्रकाची रीत सोपी असते. पहिल्या ओळीत शत्रू, शेवटच्या ओळीत मोर्चाची वेळ आणि मधे मावतील तेवढी उद्गारचिन्हं. 'शिक्षणाचा बाजार उठवा!' हे माझं त्या काळातलं गाजलेलं पत्रक. ते वाटायला आम्ही मुद्दाम लातूरला गेलो, क्लासेसच्या गल्लीत. पोरांनी घेतलं, घडी घातली आणि गणितं सोडवायला मागची कोरी बाजू वापरली. बाजार उठला नाही. तो एक मजला वाढला.

पुढं संघटना फुटली, घरचे कुरकुरू लागले आणि मी त्याच गल्लीत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मुलाखतीला जाऊन बसले. मालकांना सगळे 'सर' म्हणायचे. लातुरात माणसानं जन्मात कधी खडू धरला नसला, तरी मालकीची इमारत असली की तो सर होतो. सरांनी माझं नाव ऐकलं आणि भुवया वर केल्या.

"बाजार उठवा म्हणजे तुम्हीच का?"

"हो."

"छान लिहिता. आमचं ॲडमिशनचं पत्रक पण लिहाल ना?"

मी तोंड उघडलं, पगाराचा आकडा ऐकला आणि मिटलं. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडं पोरगी दहावी झाली की तिला लातूरला 'टाकतात'. तिथं खोली मिळत नाही, कॉट मिळते. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटखाली एक पेटी, पेटीत शेंगादाण्याची चटणी आणि उशाला जीवशास्त्राचे गठ्ठे. या सगळ्यावर रेक्टर. रेक्टर म्हणजे आई, पोलीस, कंपाउंडर आणि वायफायचा पासवर्ड. पगार मात्र या चौघांपैकी एकाचाही नाही.

मी लागले त्याच वर्षी सरांनी वसतिगृह 'स्मार्ट' केलं. म्हणजे दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात कॅमेरा, आणि तो पालकांना मोबाइलवर दिसायची सोय. दुसरी, खालच्या दाराला अंगठ्याचं मशीन. पोरीनं आतून अंगठा लावला की दार उघडायचं आणि घरी मेसेज जायचा: 'आपली पाल्या वसतिगृहाबाहेर गेली आहे.' येताना बाहेरून अंगठा, की दुसरा मेसेज: 'आपली पाल्या वसतिगृहात सुरक्षित आहे.' हा दुसरा मेसेज रोज संध्याकाळी पुन्हा एकदा जायचा, पालकांच्या समाधानासाठी. दुसरीच्या मागोमाग निघताना स्वतःचा अंगठा लागला नसेल, तर मशीन येतानाचा अंगठा घ्यायचं नाही. त्याच्या हिशेबानं पोरगी आतच असायची आणि आत असलेली पोरगी परत आत कशी येणार? मग ती दाराबाहेर उभी राहून 'ताईऽऽ' म्हणून ओरडायची आणि सर तिला शिस्तीवर भाषण द्यायचे. त्यामुळं पोरींनी एक गोष्ट रक्तात भिनवून घेतली होती: काही होवो, अंगठा चुकवायचा नाही.

कॅमेऱ्यानं पालकांचं किती समाधान झालं ते माझ्या फोनला विचारा. इस्लापूरची एक आई सकाळीच फोन करायची, "ताई, पोरीनं कालचीच ओढणी घातली आज. ताप-बीप आला काय?" एक वडील म्हणायचे, "व्हरांड्यात हसताना दिसून राहिली. अभ्यास चालू असल्यावर हसायला कसं येतं हो?" माणसं पोरींना शिकायला पाठवतात आणि स्वतः दिवसभर व्हरांडा बघत बसतात. निजामाच्या राज्यात म्हणे वाड्यावर पहारा असायचा. पण त्या पहारेकऱ्याला निदान पगार होता.

अशात एक दिवस अप्पा आले.

अप्पा म्हणजे औशाकडच्या एका गावातले किराणा दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर पोरीची पेटी. त्यांचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं आणि मग दुसऱ्या जागी वसवलेलं. पोरगी महानंदा. सगळे तिला नंदा म्हणायचे. इतर पालक येऊन विचारतात, जेवण कसं, पाणी कसं, मागच्या वर्षी मेडिकलला किती लागल्या. अप्पांनी पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "भाईर कसं पडायचं?"

मला वाटलं, त्यांना स्टँडवर जायचंय. मी रिक्षाचं सांगायला लागले.

"तसं न्हवं ताई. हालायला लागलं तर पोरीनं भाईर कुठून पडायचं?"

नंदाची कॉट तिसऱ्या मजल्यावर होती. ते ऐकल्यावर अप्पांनी पेटी परत खांद्यावर घेतली. सर केबिनमधून धावत आले. सरांची केबिन तळमजल्यावर, दाराला लागून. सोफा, एसी, काचेच्या कपाटात ट्रॉफ्या.

"अप्पा, तेव्हा तुमची माळवदाची घरं होती. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा थर. हे आरसीसी आहे. हत्ती नाचला तरी हलणार नाही."

"आसंल. तळमजल्याला खोली द्या."

"तळमजल्याला माझी केबिन आहे."

"मंग तीच द्या," अप्पा म्हणाले. इतक्या सहज, जणू पावशेर गूळ मागत होते.

सर हसले. अप्पा नाही हसले. शेवटी नंदाच पुढं झाली. बारकी, काळीसावळी, आवाज मात्र दुकानाच्या टोकापर्यंत जाईल असा. "अप्पा, औशात क्लास न्हाई. घरी नेलं तर मी दुकानातच बसणार हाय, आणि मी दुकानात बसले तर गिऱ्हाइकं पळवून लावीन, हे आत्ताच सांगते."

अप्पांनी तात्पुरती माघार घेतली. पण तिच्या कॉटशेजारी त्यांनी एक तांब्या पालथा घातला, त्यावर पेला पालथा घातला आणि पेल्यावर एक बारका चमचा ठेवला. भूकंपानंतर त्यांच्याकडं घरोघरी असं करायचे. जमीन जरा थरथरली की भांडी पडतात, आवाज होतो, माणूस उठून पळतो. अप्पांची थोरली बहीण त्या पहाटे उठलीच नाही. हे त्यांनी मला नाही सांगितलं, नंतर नंदानं सांगितलं, तेही केस विंचरता विंचरता.

तांब्या-पेल्यानं पहिल्याच आठवड्यात तिघी खोलीवालींना वेड लावलं. पंखा जोरात केला की पडायचा, कुणी उडी मारून कॉटवर बसली की पडायचा. शेवटी मी अप्पांना समजावलं की आता कॅमेरा आहे, मोबाइलवर सगळं दिसतं, पेल्याची गरज नाही. कॅमेऱ्याच्या विरोधात मी मनातल्या मनात निदान चार पत्रकं लिहिली होती. तरी हे मीच सांगितलं.

अप्पांनी ते मनावर घेतलं. नंदा म्हणाली, दुकानात तराजूला टेकवून मोबाइल ठेवलाय आणि साखर मोजताना एक डोळा तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यावर असतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, काटा बघा," आणि अप्पा म्हणायचे, "बघूनच राहिलो की." पेला होता तोच. आता तो सरांनी भिंतीवर बसवला होता, इतकंच.

आता तो रविवार. परीक्षेला चार महिने उरलेले. सकाळची टेस्ट देऊन पोरी परतलेल्या, कुणी न्हातेय, कुणी कपडे धुतेय. सर उदगीरला लग्नाला. आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नवीन क्लासची इमारत उठणार होती आणि त्यासाठी बोअर मारायची गाडी सकाळीच येऊन उभी राहिली होती. तिसऱ्या मजल्याच्या कॅमेऱ्याचा एक स्क्रू नव्हता. वायरमननं तो तारेनं बांधला होता आणि "पुढच्या वेळी करतो" म्हणाला होता. बोअर सुरू झाला. खाली धाडधाड आवाज आणि वर तो कॅमेरा तारेवर लटलट हलायला लागला.

इमारत जागच्या जागी होती. पण औशाजवळच्या एका दुकानात, तराजूला टेकवलेल्या मोबाइलमध्ये, आख्खा तिसरा मजला गदागदा हलत होता.

माझा फोन वाजला. "ताई! भूकंप! पोरी भाईर काढा!"

"अप्पा, इथं काही नाही, शेजारी बो..."

"मला दिसून राहिलंय ना! तुमच्या ध्यानात येत न्हाई, आत असलेल्याला लवकर कळत न्हाई! भाईर काढा!"

एवढं करून ते थांबले नाहीत. पालकांच्या ग्रुपवर त्यांनी बोलून टाकलं, "भूकंप झाला, आपापल्या पोरीला फोन करा," आणि त्याखाली हलणाऱ्या व्हरांड्याचा व्हिडिओ. त्यानंतर सगळ्या इमारतीत एकदम फोन वाजायला लागले. फोन उचलताच पोरगी किंचाळायची, ती ऐकून दुसरी किंचाळायची. बोअरची धाडधाड त्यात मिसळली आणि बघता बघता जिना भरला. मला स्वतःला पायाखाली हलल्यासारखं वाटलं, हेही नोंदवते.

वॉचमन गणपतमामांनी मोठ्या अकलेचं काम केलं. पहिल्या पोरीच्या अंगठ्यानं दार उघडलं तसं त्यांनी ते सताड उघडून खाली वीट लावली. दार उघडं. समोर रस्ता. ऊन. मोकळी हवा.

आणि पोरी रांगेत उभ्या राहिल्या.

एकामागं एक. प्रत्येक पोरगी मशीनपाशी थांबायची, अंगठा ठेवायची, मशीन मंजुळ आवाजात 'थँक्यू' म्हणायचं, मग ती किंचाळत रस्त्यावर पळायची. पुढची यायची, अंगठा ठेवायची.

मी जिन्यावरून ओरडले, "अगं सोडा तो अंगठा! दार उघडं आहे!"

"ताई, आऊट पडलं न्हाई तर संध्याकाळी इन घेत न्हाई मशीन!"

"भूकंप आहे ना?"

"म्हणून तर घाई करून राहिलो की!"

हे संभाषण मी जसंच्या तसं लिहिलं आहे. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून या व्यवस्थेबद्दल एवढं नेमकं वाक्य नाही.

कुणाचा अंगठा ओला, कुणाच्या बोटाला मेंदी. मशीन म्हणायचं, 'प्लीज ट्राय अगेन.' मागच्या ओरडायच्या, "फ्रॉकला पूस की गं!" गणपतमामा विटेजवळ हात जोडून उभे, "पोरींनो, या गं बायांनो, भाईर या." मेसच्या बाई तेवढ्या अंगठ्याशिवाय गेल्या, पोळी लाटायचं लाटणं हातात घेऊन. त्यांची हजेरी वहीत होती.

सगळ्या बाहेर पडल्या. इमारत उभीच. शेजारी बोअरवाल्यानं मशीन बंद करून विचारलं, "काय झालं? पाणी लागलं का?"

खरा भूकंप यानंतर झाला. सगळ्या घरी मेसेज गेले होते: 'आपली पाल्या वसतिगृहाबाहेर गेली आहे.' रविवारी, भरदुपारी, न विचारता. ज्यांनी ग्रुप बघितला होता त्यांना पोरगी वाचल्याचं कळलं. ज्यांनी नव्हता बघितला त्यांना पोरगी पळून गेल्याचं कळलं. एक वडील मला म्हणाले, "मुलगा कोण हाय तेवढं सांगा, बाकी मी बघतो." मी सांगितलं, मुलगा नाही, बोअर आहे.

अप्पा मोटारसायकलवर आले. किती वेगानं आले ते भस्मावर बसलेल्या धुळीवरून दिसत होतं. त्यांनी गाडी स्टँडवरही लावली नाही, पोरींच्या घोळक्यात शिरले, नंदाला शोधलं. तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती भिजलेली, हाताला साबण. भूकंप झाला होता का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"तू कितवी निघालीस?"

नंदा हातावरचा साबण बघायला लागली.

"कितवी?"

"शेवटून तिसरी, अप्पा."

"का गं?"

"कपडे धूत होते. अंगठा घेत नव्हता."

अप्पांनी दाराकडं बघितलं. सताड उघडं दार, खाली वीट, भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकणारं ते मशीन. मग म्हणाले, "सामान भर."

तेवढ्यात सर आले, लग्नातून, डोक्याला फेटा तसाच. वाटेतच त्यांना सगळ्या गावचे फोन आले होते. गाडीतून उतरता उतरता गरजले, "कोण तो? माझ्या हॉस्टेलची बदनामी करणारा? आत्ताच्या आत्ता पोरगी घेऊन जा!"

"नेऊनच राहिलो," अप्पा म्हणाले.

म्हणजे दोन्ही पक्षांचं एकमत झालं होतं आणि मधे नंदा उभी होती, साबणाच्या हातांनी. चार महिने राहिले होते. ती रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, तुम्ही पत्रकं लिहायच्या ना? मंग बोला की कायतरी."

मी तोंड उघडलं. पण त्याआधी सरांचा फोन वाजला. अहमदपूरचे एक वडील. त्यांची मुलगी आमची टॉपर, प्रत्येक टेस्टला पहिली. सरांनी फोन चुकून मोठ्या आवाजावर टाकला.

"सर, ते औशावाले पालक इचारत होते म्हणं. माझी पोरगी कितवी निघाली?"

सरांना कळेना. त्यांनी मला खूण केली. मी केबिनमधल्या संगणकात बघून सांगितलं, एकेचाळिसावी.

"एकेचाळीस? टेस्टला पहिली येणारी पोरगी? सर, तुमच्याकडं टाकून आम्ही चूक केली काय?"

पुढचा तास फक्त हाच प्रश्न. माझी कितवी? माझी कितवी? अहो, पुढं कोण होतं? लातुरात पालकाला जीव वाचला की नाही हे समजायला वेळ लागेल, रँक घसरलेली लगेच समजते. एक आई तर म्हणाली, "शेवटून पाचवी म्हंजे मेरिटमध्ये न्हाईच की!" सरांचा फेटा सैल होत होत कानावर आला. आयुष्यात पहिल्यांदा एक मोर्चा मला आयता मिळाला होता, आणि एकही पत्रक न वाटता. मी हळूच म्हणाले, "सर, पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनचं पत्रक मीच लिहिणार आहे. यातलं काय काय लिहू?"

सर केबिनमध्ये जाऊन सोफ्यावर बसले. सोफ्याकडं बघितलं, ट्रॉफ्यांकडं बघितलं. "केबिन घ्या," म्हणाले. "आणि ते दार दिवसा उघडं ठेवा."

आम्हाला वाटलं, झालं. पण अप्पा केबिनच्या दारात, वरून उतरवून आणलेल्या नंदाच्या पेटीवर बसून होते.

"दार उघडंच होतं की," ते म्हणाले. "पोरगी भाईर का आली न्हाई, ते इचारा."

नंदाच म्हणाली, "अप्पा, सवय लागली हो. तुटंल."

"तोडून दाखीव. वर जा. तिसऱ्या मजल्याला. मी हाक मारतो."

ती गेली. अप्पा रस्त्यावर मधोमध उभे राहिले. रिक्षावाले थांबले, बोअरवाला टेकून बघायला लागला. अप्पांनी छातीत हवा भरली आणि अशी हाक मारली की तशी मी परत ऐकली नाही. "नंदेऽऽ!" त्या पहाटे थोरल्या बहिणीलाही त्यांनी अशीच मारली असणार, आणि ती उठली नव्हती.

जिन्यावर पायांचा आवाज आला. नंदा अनवाणी, ओढणी नाही, दारातून सुटली ती थेट बापाच्या पोटावर येऊन आदळली. मशीनकडं तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आता ऱ्हा."

त्यानंतर दर रविवारी पोरी आपल्या आपण हा खेळ खेळायच्या. आम्ही हाक मारायचो, त्या पळायच्या, अंगठा न लावता. सरांनी पुढच्या वर्षीच्या पत्रकात 'बाहेर पडण्यात जिल्ह्यात अव्वल' असं छापायला लावलं. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. तळमजल्याची खोली 'भूकंप स्पेशल' म्हणून जास्त दरानं दिली, तेही माझ्या सांगण्यावरून नाही. बाजार उठवणं मला जमलं नाही. त्याला एक दार उघडं ठेवायला लावलं, एवढीच माझ्या कारकिर्दीची कमाई.

नंदा ढोरांची डॉक्टर झाली. सध्या देवणीकडं असते आणि गोठा बांधणाऱ्याला आधी विचारते, दुसरं दार कुठाय. परीक्षा संपवून ती वसतिगृहातून गेली तेव्हा दोन्ही हातांत पेट्या होत्या. ती अंगठा न लावताच गेली. मी बघत होते.

मशीनच्या हिशेबानं ती अजून आत आहे. सरांनी सगळ्या नोंदी दोनदा पुसल्या, तरी तिची राहिलीच. अप्पांना आजही रोज संध्याकाळी मेसेज येतो: 'आपली पाल्या वसतिगृहात सुरक्षित आहे.' मागं औशाकडं त्यांच्या दुकानात गेले होते, तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, द्या मोबाइल, बंद करून देते."

त्यांनी मोबाइल तराजूआड सरकवला.

"ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाले. "तेवढाच एक रोज इचारपूस करून राहिला. पोरगी तर फोन उचलत न्हाई."